न वाळलेली गंगा

पाण्याला निळा रंग देणाऱ्या माणसांचा मला राग येतो. मी सेलूच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे हा राग मला जवळजवळ रोजच येतो. नदी काढा म्हटलं की अख्खा वर्ग निळा खडू उचलतो. निळी नदी कुठं बघितली रे, असं विचारलं की सगळे गप्प. आमच्या भागात नदी एक तर गढूळ असते, नाही तर हिरवट असते, नाही तर नसतेच. पण खडू मात्र निळा.

शाळा सुटल्यावरचा माझा उद्योग म्हणजे छोट्या आगगाड्या. बोटाएवढे डबे, काडीएवढे रूळ, स्टेशन, फाटक, सिग्नल. घरातली मागची खोली त्यासाठी मी बळकावलेली आहे. माझ्या नवऱ्याची नोकरी जिंतूरला. देवगाव फाट्यावर बस बदलून रोज घरी येतात आणि आले की दारातूनच विचारतात, "आज कोणती गाडी लेट?" लोकांच्या बायका सोनं मागतात, माझी बायको रूळ मागते, हे त्यांचं पाहुण्यांपुढचं ठरलेलं वाक्य. मी ऐकून घेते, कारण फळ्या कापून देतात तेच.

या कामात डोंगर जमतो. झाड जमतं, भुशाला हिरवा रंग दिला की गवत होतं. जमत नाही ते पाणी. काच ठेवली तर काच दिसते, आरसा ठेवला तर आरसा. त्यावर निळा रंग मारला तर लग्नातल्या स्टेजवरचा देखावा दिसतो. मला बऱ्याच उशिरा कळलं की पाणी वरून करायचं नसतं, तळापासून करायचं असतं. आधी तळ रंगवायचा, खोल तिथं काळपट, काठाकडं येताना मातकट, आणि अगदी कडेला ओल्या वाळूचा रंग. मग त्यावर नितळ रेझिनचा थर ओतायचा. रेझिन म्हणजे दोन बाटल्यांतली दोन औषधं. एकत्र केली की मधासारखी वाहतात आणि वाळली की काचेसारखी घट्ट होतात. रंग तळाचा आणि चमक वरची, एवढं साधलं की बघणाऱ्याला मध्ये पाणी दिसतं.

एका वर्षी माझ्यावर अशी वेळ आली, की हे पाणी जमलंच पाहिजे होतं. त्या पाण्याच्या निमित्तानं मला माझ्या थोरल्या जाऊबाईंना घरी आणायचं होतं. तीन वर्षं त्या आमच्या महालक्ष्म्यांना आल्या नव्हत्या.

आमच्याकडं भाद्रपदातल्या गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. पहिल्या दिवशी त्यांचे मुखवटे तुळशीपासून घरात आणायचे, हळदीकुंकवाच्या पावलांवरून, मागं ताट वाजवत. आमच्या घरातली रीत अशी, की ज्येष्ठा थोरल्या सुनेनं उचलायची आणि कनिष्ठा धाकटीनं. धाकटी मी. लग्न झाल्यापासून मी सोनपेठच्या घरी थोरल्या जाऊबाईंच्या मागं कनिष्ठा घेऊन चालले. मी त्यांना ताई म्हणते. पुढं त्या चालायच्या, म्हणून माझं पाऊल कधी चुकलं नाही.

मग भाऊजी गेले. ताईंचा नवरा, माझा थोरला दीर. वर्षभर घरात सण झाला नाही. वर्ष सरल्यावरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना ताई नेहमीसारख्या तुळशीपाशी गेल्या, वाकल्या, हात पुढं केले. सणाला सेलूहून आलेली आमची चुलत सासू, जिला आम्ही काकी म्हणतो, ती पटकन मध्ये आली.

"तू न्हाई गं आता," ती म्हणाली. "हात लावू नको."

ताईंचे हात तसेच राहिले, मुखवट्यापासून वीतभर अंतरावर. मी काकींना तोंडाला येईल ते बोलले. सणाचा दिवस, दारात शेजारच्या बाया, कशाचाही विचार केला नाही. माझा आवाज चढला की तो लवकर उतरत नाही. सासूबाई मात्र तुळशीच्या कट्ट्याला धरून उभ्या होत्या, खाली बघत. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ताईच मला म्हणाल्या, "माझ्यापायी भांडण नको," आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. तीन दिवस त्यांनी पुरणपोळ्या लाटल्या, वाढलं, भांडी घासली. तिसऱ्या दिवशी मुखवटे धोतराच्या फडक्यात गुंडाळले, पेटीत ठेवले आणि पेटी माझ्यापुढं सरकवली.

"घेऊन जा," म्हणाल्या. "इथं कोण उचलणार हाय त्यांना?"

त्या हिवाळ्यात सासूबाईही गुडघ्यांचं निमित्त करून आमच्याकडं सेलूला आल्या. तेव्हापासून मी दोन्ही मुखवटे दोन हातांत घेऊन चालायची. फोन करायची, ताई या. बघू, म्हणायच्या. आणि यायच्या नाहीत. सासूबाई विचारायच्या नाहीत, पण सणाच्या सकाळी दाराकडं तोंड करून बसायच्या.

त्या वर्षी मी गंगाखेडचा रेल्वेपूल करत होते. गोदावरीला आमच्याकडं गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. पूल झाला, खांब झाले, वरून इंजिन धावायला लागलं आणि खाली नुसतं प्लायवूड. नदी पाहिजे होती. मी वालूरची, विहिरीच्या पाण्यावर वाढलेली. गंगा मी पहिल्यांदा नीट बघितली ती लग्नानंतर, ताईंचा हात धरून, सोनपेठकडच्या एका घाटावर. गंगेची ओटी भरायला त्या मला घेऊन गेल्या होत्या. पाण्यापाशी गेलं की त्या आधी तळहात अलगद पाण्यावर ठेवायच्या, वरचा पाचोळा बाजूला सारायच्या आणि ओला हात डोळ्यांना लावायच्या. मगच पाय पाण्यात. मलाही त्यांनी तसंच शिकवलं. "आधी हात ठिव," म्हणाल्या. "वळख दे."

मी ठरवलं, पूल गंगाखेडचा आणि घाट सोनपेठकडचा. खरं तर दोघांत बरंच अंतर आहे, पण माझ्या फळीवर मीच कलेक्टर. घाटाच्या पायऱ्या पीओपीच्या केल्या, फोटो काढला आणि ताईंच्या मोबाईलवर पाठवला. खाली लिहिलं, घाट बरोबर आला का?

दोन दिवस काही नाही. मग एक ओळ आली. चौथी पायरी फुटलेली हाय.

मी पायरी फोडली आणि पुन्हा फोटो पाठवला. या वेळी उत्तर लगेच आलं. डाव्या अंगानं फुटलेली हाय, उजव्या न्हाई. मी मागच्या खोलीत एकटीच हसले. तीन वर्षांत 'बघू'च्या पुढं त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मी पायरी भरली, दुसऱ्या बाजूनं फोडली. मग रोज काही ना काही यायला लागलं. वाळू इतकी पांढरी नसते. काठाला शेवाळ पायरीच्या सांदीत असतं, वर नसतं. एक दिवस सेलूला येणाऱ्या ओळखीच्या बाईजवळ त्यांनी पिशवी पाठवली. आत गंगेची वाळू होती, चाळलेली, उन्हात वाळवलेली. मी ती फेव्हिकॉल लावून काठावर पसरली आणि वर पुन्हा फेव्हिकॉलचा पातळ हात दिला, कारण वाळूत हवा राहिली तर रेझिनमध्ये बुडबुडे उठतात.

त्यानंतर त्यांचा फोन आला. स्वतःहून.

"पाणी घातलं का?"

"घालणार हाय, ताई. महालक्ष्म्यांपुढं मांडणार हाय यंदा."

मग म्हणाल्या, "येते मी. पाणी बगायला येते. लक्ष्म्यांचं मला कुणी काई सांगायचं न्हाई."

"न्हाई सांगत," मी म्हणाले. फोन ठेवला. मला त्यांच्या हातात ज्येष्ठा द्यायची होती. कशी देणार ते माहीत नव्हतं. काकी आमच्याच गल्लीत राहतात, त्या येणारच होत्या. सासूबाई काय करतील, तेही माहीत नव्हतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की ताई येणार आहेत. त्या वाती वळत होत्या. हात थांबले.

"येऊन तशीच परत गेली तर?" त्या म्हणाल्या. "मग जन्मात यायची न्हाई ती."

एवढं सगळं आता त्या पाण्यावर आलं होतं.

रेझिनचा पहिला थर छान बसला. पातळ, नितळ, खालची वाळू ओली दिसायला लागली. मी खुर्ची घेऊन नुसती बघत बसले. हे आले, बघितलं, आणि पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. मग खाली वाकून म्हणाले, "तुझ्या गंगेला गळती लागलीय." फळीच्या कडेला, नदी जिथं संपते तिथं मी प्लास्टिकची पट्टी चिकटवली होती. तिच्या खालून रेझिन थेंब थेंब फरशीवर उतरत होतं. मी एम-सील मळून फट बुजवली. बोटं जळजळली, पण गळती थांबली.

दुसरा थर ओतायच्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं. भाद्रपदातली ती दमट हवा, ज्यात मीठ पाणी सोडतं आणि पापड वाकतात. अशा हवेत रेझिन ओतू नये, हे मला माहीत होतं. पण महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. बाटलीवर दोन्ही औषधांचं माप दिलेलं असतं आणि ते वजनानं घ्यायचं असतं. मी पहिल्या बाटलीतलं नीट मोजलं. दुसरीतलं मोजलं आणि वर थोडं जास्त टाकलं. लवकर घट्ट व्हावं म्हणून. विरजण जास्त घातलं की दही लवकर लागतं, हा हिशोब डोक्यात. रेझिनला दह्याचा हिशोब लागू होत नाही. माप चुकलं की ते महिनोन्महिने अर्धवटच राहतं.

दुसऱ्या दिवशी कडेला बोट टेकवलं, तर बोटाला तार आली. तिसऱ्या दिवशीही तार. पाक बिघडला की जसा तारेवरच अडून बसतो, तशी माझी नदी अडून बसली. मी वर साठ वॅटचा बल्ब टांगला. उजेडाला पाखरं आली आणि थेट गंगेत पडली. चिमट्यानं एकेक काढली, तर प्रत्येकाच्या जागी खळगा. शेजारणीचं केस वाळवायचं यंत्र आणलं, गरम हवा मारली, तर खळगे बुजले पण वर धूळ बसली. मी नदीवर सूप पालथं घालून ठेवलं आणि शाळेत गेले. शाळेत त्या दिवशी मी तीन पोरांच्या वह्या फेकल्या. तिघांच्याही नद्या निळ्या होत्या.

"नको मांडू यंदा," हे म्हणाले. "वाळल्यावर दाखव त्यांना."

"वाळल्यावर कुणाला दाखवू? त्या पाणी बघायला यायल्यात. पाणी न्हाई म्हणून सांगू?"

माझा आवाज पुन्हा चढला होता.

आवाहनाच्या दिवशी फळी आम्ही दोघांनी उचलून पुढच्या खोलीत आणली. महालक्ष्म्यांचे लोखंडी स्टँड उभे होते, साड्या नेसवलेल्या, वर मुखवट्यांची जागा रिकामी. त्यांच्या पायाशी नदी, घाट, पूल. वरून बघितलं तर कुणाला कळलं नसतं, इतकं ते पाणी ओलं दिसत होतं. आणि ते ओलंच होतं, हीच माझी पंचाईत. एखाद्या लेकरानं बोट लावलं तर संपलं. मी वर चादर टाकली आणि हे झेंडूची फुलं आणायला गेले.

ताई दुपारच्या एसटीनं आल्या. मी दारातच होते. फिकट जांभळी साडी, कपाळावर बारीक काळी टिकली, वाळल्या होत्या. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात तोंडाला फडकं बांधलेला तांब्या. तांब्या माझ्या हातात दिला.

"गंगेचं पाणी हाय. कलशात घाल. तीन वर्षं बोअरचं घालायलीस म्हणं."

"तुमी कुठं आणून दिलं?" मी म्हणाले. त्या हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. आत आल्या, सासूबाईंच्या पाया पडल्या. सासूबाईंनी डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मी चहा ठेवायला गेले तर आधण उकळून वर आलं तरी माझं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात काकी आल्या. ताईंना बघून म्हणाल्या, "आलीस व्हय? बरं केलंस." आणि ताईंपासून दोन हात सोडून भिंतीला टेकून बसल्या. बाहेर तुळशीपाशी पाटावर मुखवटे मांडलेले होते. दारापासून स्टँडपर्यंत मी कुंकवाची पावलं उमटवली होती. लक्ष्म्या आत घ्यायची वेळ होत आली होती. मी ताईंकडं बघत होते, ताई पावलांकडं बघत होत्या. पावलं टाळून, भिंतीच्या कडेकडेनं त्या खोलीत शिरल्या.

"दाव तुझं पाणी," म्हणाल्या.

मी चादर काढली.

खिडकीतून आलेला उजेड नदीवर पडला होता. पूल पाण्यात उलटा दिसत होता, खाली त्यांची वाळू, त्यांचं शेवाळ, डाव्या अंगानं फुटलेली चौथी पायरी. ताई हळूच खाली बसल्या. पदर कमरेला खोचला, जसा घाटावर खोचतात. मला ते कळायला हवं होतं. घाटावर मी त्यांच्या शेजारी कितीदा बसले होते. पण मी त्यांच्या चेहऱ्याकडंच बघत राहिले, कारण त्यांचे डोळे भरले होते. आणि त्यांचा उजवा हात उघडा होऊन, अलगद, सवयीनं, पाण्याकडं गेला.

"हात लावू नका!"

मी ओरडले. केवढ्यानं ओरडले, ते आवाज कानावर परत आला तेव्हा कळलं.

ताईंचा हात तिथंच थांबला. पाण्यापासून वीतभर वर. तोच हात, तेवढंच अंतर. मी काय बोलले ते माझ्या लक्षात आलं आणि माझीच जीभ उपटून टाकावीशी वाटली.

भिंतीपासून काकींचा आवाज आला. "तेच मी म्हणत होते तवा. लक्ष्म्यांची जागा हाय ती. सांभाळावं माणसानं."

ताईंनी हात मागं घेतला. पदर सोडला, उठल्या.

"न्हाई लावत," म्हणाल्या. माझ्याकडं न बघता. "पाणी चांगलं झालंय तुझं. येते मी. पाथरीवरून जाणारी गाडी गावंल अजून."

"ताई, ते वाळलेलं न्हाई! औषध हाय ते, वलं हाय, चिटकतंय, म्हणून म्हणाले मी—"

खरं तेच सांगत होते आणि माझ्याच कानाला ते खोटं वाटत होतं. माणूस चूक झाकायला जसा बोलतो, तसंच ते बाहेर पडत होतं. त्या मान हलवत होत्या, हो, हो, बरं, आणि पिशवी शोधत होत्या. पिशवी मिळाली. खांद्याला अडकवली. सासूबाई बाजेवर होत्या, त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मला सोनपेठची ती संध्याकाळ जशीच्या तशी दिसली. या बाई आता दाराबाहेर गेल्या की गेल्या.

मला राग आला. काकींचा आला, सासूबाईंचा आला, रेझिनचा आला आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या नदीचा आला, जिला मी माणसापेक्षा जपत होते. मी ताईंचं मनगट धरलं. ओढलंच म्हणा. त्यांना काही कळायच्या आत फळीपाशी नेलं आणि त्यांचा तळहात त्या पाण्यावर ठेवला. वर माझा हात ठेवला आणि दाबला.

पाणी दबलं. थंड होतं, मऊ होतं. त्यांची बोटं आत रुतताना मला माझ्या हाताखाली कळत होती.

"अगं, अगं, खराब हुईल की सगळं!" ताई म्हणाल्या.

"हुंद्या."

"तुझी मेहनत—"

"हुंद्या म्हणाले ना, ताई. वळख द्या आधी. तुमीच शिकवलं मला."

मग त्या ओढाताण करायच्या थांबल्या. हात तसाच ठेवून खाली बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खाली पुलावर पडलं, रुळांवर. मी माझा हात काढला तरी त्यांनी त्यांचा काढला नाही. शेवटी काढला तेव्हा तळव्याला तारा आल्या आणि सबंध नदी थरथरली. तळव्याला सगळीकडं चिकट थर लागलेला.

"थांबा, तेल आणते," मी म्हणाले. "डाळीच्या पिठानं निघंल."

"हात मग पूस."

हा सासूबाईंचा आवाज होता. त्या बाजेवरून उठल्या होत्या, भिंतीला धरून उभ्या होत्या. ताईंकडं बघत म्हणाल्या, "आधी लक्ष्मी घे."

काकी उठून उभ्या राहिल्या. "अवो बाई, पर—"

"तू ताट वाजव," सासूबाई म्हणाल्या. "वाजवायचं नसंल तर मी वाजवते."

ताई जागच्या हलल्या नाहीत. चिकटलेला हात छातीशी धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, उशीर झाला. आता नको म्हणतील, आणि म्हणाल्या तर मी काय बोलणार होते? त्यांनी सासूबाईंकडं बघितलं आणि सरळ विचारलं.

"आत्याबाई, त्या दिवशी का न्हाई बोललात?"

सासूबाईंनी नजर चुकवली नाही. "भ्याले," म्हणाल्या. "माझं पोरगं गेलं होतं. आता कशालाच हात लावायचं भ्या वाटायचं मला. तुझा हात पुढं आला आणि मी भ्याले."

बाहेर एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. मग ताईंनी खांद्यावरची पिशवी उतरवली, बाजेवर ठेवली आणि तुळशीकडं चालायला लागल्या. मी मागं धावले. त्या वाकल्या, दोन्ही हातांनी ज्येष्ठेचा मुखवटा उचलला. मी कनिष्ठा उचलली. कितीतरी वर्षांनी माझा एक हात मोकळा होता. मी तो मुखवट्याखाली धरला.

काकींनी ताट घेतलं होतं. आधी हळू वाजवलं, मग सासूबाईंनी बघितल्यावर जोरात. कुणाच्या पावलानं आली, असं सासूबाई दारातून विचारायच्या आणि आम्ही सांगायचं, सोन्याच्या पावलानं. ताईंचा आवाज पहिल्या वेळी फुटलाच नाही. दुसऱ्या वेळी फुटला. मी त्यांच्या पावलावर पाऊल टाकत आत आले.

स्टँडपाशी आल्यावर मी कनिष्ठा बसवली. ताई ज्येष्ठा बसवायला लागल्या आणि मुखवटा हाताला चिकटला. त्या सोडवायला बघतात, तो सुटेना. डाव्या हातानं धरून ओढतात, तरी सुटेना. हे फुलं घेऊन नेमके तेव्हाच दारात आले आणि आ वासून बघत राहिले. मला हसू यायला लागलं आणि हसता हसता रडू यायला लागलं. सासूबाई जवळ आल्या, त्यांनी ताईंच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे गं. सुटत न्हाई तर कशाला सोडवायलीस?"

शेवटी गोडं तेल लावून हात सोडवला. ज्येष्ठेच्या मानेपाशी थोडा चकचकीत डाग राहिला. अजून आहे. साडीच्या काठानं झाकतो.

देखावा बघायला आलेल्या बायांनी विचारलं, इतक्या सुंदर नदीत हा हाताचा ठसा कसा? काकींनीच सांगितलं, "वलं होतं, लागला हात." बाकी काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही.

ते रेझिन उन्हाळ्यात कधीतरी घट्ट झालं. खरं तर ठसा बुजवणं सोपं होतं, वर एक पातळ थर ओतला की झालं. बाटली आणली, माप नीट घेतलं, ढवळलं आणि ओतायच्या आधी खिडकी उघडली. ऊन तिरपं आलं. आणि मी बघितलं, की सगळ्या नदीत खरं पाणी वाटत होतं ते फक्त तिथं. हात ओढताना उठलेल्या बारीक लाटा तशाच थिजल्या होत्या, काठापर्यंत पसरलेल्या. तशा लाटा मी ब्रशनं कितीदा करायला बघितल्या होत्या आणि प्रत्येक वेळी मातीच्या ढेकळांसारख्या झाल्या होत्या. ढवळलेलं रेझिन मी वाटीतच वाळू दिलं.

आता दर भाद्रपदात सण जवळ आला की सोनपेठहून फोन येतो. ताई इकडचं तिकडचं विचारतात, पाऊस, गुडघे, माझी शाळा. मग शेवटी तेच विचारतात.

"माझा हात हाय का गं अजून तिथं?"

"हाय, ताई."

"मग येते," म्हणतात.